टाकाऊ प्लास्टिकपासून कॅटॅलिस्ट वापरून हायड्रोजन करता येतो का? कोल्हापुरात छोटं युनिट टाकलं तर चालेल का?

करता येतो. पण तुम्ही सगळी चौकशी कॅटॅलिस्टची, म्हणजे क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थाची केलीय, माल निवडणार कोण हे कुठंच नाही. हे वाचून आमचे दाजी आठवले, म्हणून लिहायला बसलो.

आमचा भंगाराचा धंदा. आई ३० वर्षं प्लास्टिक निवडतेय. बादलीत टाकलं की दुधाची पिशवी, डब्याचं झाकण तरंगतं. पाण्याची बाटली आणि पीव्हीसी, म्हणजे पाइपचं प्लास्टिक, बुडतं. बुडालेल्यातलं पीव्हीसी ओळखायला तिच्याकडं तांब्याची तार असते. तार लाल करायची, तुकड्याला टेकवायची, परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की तो माल वेगळ्या पोत्यात, आणि पोत्यावर खडूनं फुली.

दाजी उद्यमनगरातल्या फौंड्रीत वाढलेले. हात सोन्याचा, पण ऐकायचं नाव नाही. जाड पत्र्याची टाकी, वर वाफ थंड करायची कॉइल, मध्ये कॅटॅलिस्ट म्हणून झिओलाइटचे पांढरे दाणे, असं सगळं स्वतः जुळवलं. आधी तेल काढायचं, मग निकेलच्या कॅटॅलिस्टवरून वाफेबरोबर नेऊन हायड्रोजन करायचा, हा बेत. पहिले दोन घाणे बरे निघाले, पिवळसर, रॉकेलच्या वासाचं तेल. तिसऱ्याला माल कमी पडला तर दाजींनी फुलीचं पोतं उचललं आणि ओतलं. "मशीनला काय कळतंय?" आई शेजारीच होती. जावयाला कोण बोलणार? पदर नाकाला लावून ती बाहेर जाऊन उभी राहिली. मी तोंड उघडलं तर म्हणाले, "तू बी.कॉम. हाईस, गप बस."

पीव्हीसी तीनशे अंशाच्या आतबाहेर तापलं की त्यातला क्लोरीन ॲसिडचा वायू होऊन सुटतो. अर्ध्या तासात डोळे झोंबायला लागले. शेजारचा लेथवाला काम टाकून शिव्या देत आला. आठवड्यानं उघडून बघितलं तर कॉइलच्या जोडाला भोकं आणि दाणे कोळशासारखे काळे. दाजी अजून प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगतात, कॅटॅलिस्टच बोगस होता.

नव्हता. काळं झालं ते काजळीनं, ती कुठल्याही कॅटॅलिस्टवर बसते आणि जाळून काढताही येते. कॉइल खाल्ली ती फुलीच्या पोत्यानं. पुढं निकेल लावलं असतं तर क्लोरीननं त्याचीही वाट लावली असती.

आता तुमचं गणित. पॉलिथिनच्या वजनात साधारण १४ टक्के हायड्रोजन, पाण्याच्या बाटलीच्या पीईटीत जेमतेम ४. ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये प्लास्टिकच्या चुऱ्यात लोखंड-ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड मिसळून मायक्रोवेव्हनं तो जवळजवळ सगळा काढून दाखवला, कार्बन घनरूपात मागं राहिला. पण ते प्रयोगशाळेत. वाफेच्या रस्त्यानं गेलात तर पाण्यातलाही हायड्रोजन मिळतो, १०० किलो पॉलिथिनमागं कागदावर ४३ किलोपर्यंत. सोबत ३०० किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड धुराड्यातनं जातो, ते माहितीपत्रकात छापत नाहीत. त्याला कुणी ग्रीन म्हणालं तर चहा पाजून वाटेला लावा.

मोठ्या प्रमाणावर चालतं का? जपानात कावासाकीला शोवा डेन्को (आताचं नाव रेझोनॅक) कंपनीनं २००३ पासून चालवलंय, त्या हायड्रोजनचा अमोनिया करतात. पण तो अवाढव्य कारखाना, प्रचंड उष्णतेवर प्लास्टिकचा वायू करणारा, आणि क्लोरीन धुऊन काढायची सोय तिथंही आहे.

छोट्या युनिटचं म्हणाल तर माझं मत सरळ आहे, नाद सोडा. दाबाखालचा हायड्रोजन भरून ठेवायचा म्हटलं की पेसोच्या, म्हणजे केंद्राच्या स्फोटक-सुरक्षा खात्याच्या परवानग्या, आणि गिऱ्हाईक कोण? त्यापेक्षा निवडलेल्या पिशव्या वितळवून त्यांचा प्लास्टिक दाणा करून विका. मशीनवाला "सगळं चालतं, निवडायची गरज नाही" म्हणाला तर त्याच्यासमोर एक पाइपचा तुकडा ठेवा आणि तोंड बघा. निवडणाऱ्या बाईला नीट पगार द्या, आणि तिनं फुली मारलेल्या पोत्याला घरच्या माणसालाही हात लावू देऊ नका, मग तो जावई का असेना.

एक राहिलं. आम्ही हायड्रोजनपर्यंत पोचलोच नाही, तेलावरच गाडी अडली. त्यामुळं निकेलचं जे लिहिलंय ते वाचलेलं आहे, हातानं केलेलं नाही. कॉइलचे निम्मे पैसे मात्र माझे होते, आणि ते दाजींकडून अजून यायचेत.