जप्तीला निघण्याआधी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

कोर्टाचे हुकूम बजावणारी बेलिफ म्हणून रुजू झालीस हे तुझ्या बाबांकडून कळलं. फार आनंद झाला. या कामात माझी बत्तीस वर्षं गेली, म्हणून पहिल्याच आठवड्यात तुला एक सांगतो. जप्तीत काय उचलायचं ते नंतर बघ, काय उचलायचं नाही ते आधी पाठ कर.

मी हे चूक करून शिकलो. लालबागची चाळ, ऋणको शिंपी. दहा बाय बाराच्या खोलीत चार पैसे येतील अशी वस्तू एकच, पायाचं शिलाई मशीन. दरखास्तदार, म्हणजे दावा जिंकून वसुलीसाठी कोर्टात आलेला माणूस, मागून "हेच घ्या" म्हणत राहिला. मी पंचांच्या सह्या घेतल्या आणि मशीन दोन जिने खाली उतरवलं. सुईखाली निळं कापड तसंच अडकलेलं होतं. ते सोडवून घ्यायला शिंप्याची बायको जिन्यापर्यंत आमच्यामागे आली. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 माझ्यापुढे उघडून ठेवलं. कारागिराची हत्यारं जप्त होत नाहीत. गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्रासारखा दागिना, यांनाही हात लावायचा नाही. कोर्टाच्या हुकमानं मशीन परत गेलं, पण ऐन लग्नसराईतले त्याचे नऊ दिवस बुडाले. ते माझ्यामुळे बुडाले.

दरखास्तदार बरोबर येईल, टेम्पो आणि हमालही तोच आणेल. तरी वॉरंट कोर्टाचं आहे, त्यात लिहिलंय तेवढंच करायचं. मात्र त्याच्यावर कधी खेकसू नकोस. दावा जिंकल्याचा हुकूमनामा हातात आल्यावरच पक्षकाराच्या खऱ्या अडचणी सुरू होतात, असं ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील कोर्टानं, प्रिव्ही कौन्सिलनं, 1872 सालीच म्हटलं होतं. 2021 साली सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की वसुलीची दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा. आयुष्यभराची पुंजी उसनी देऊन बसलेली म्हातारी माणसं मी कोर्टाच्या बाकावर पाहिली आहेत. तू एक तारीख चुकवलीस तर त्यांचा अजून एक हेलपाटा होतो.

पंचनाम्यात नुसतं "एक टीव्ही" लिहू नकोस. कंपनी, नंबर, चालू की बंद, तडा कुठे, सगळं लिही. "फ्रिज माझ्या भावाचा आहे" असं कुणी म्हणालं तर वाद घालू नकोस. त्याचं म्हणणं अहवालात उतरव. मालकी कुणाची ते कोर्ट ठरवेल.

फ्लॅटची जप्ती वेगळी. आदेश 21, नियम 54 प्रमाणे जागेवर दवंडी द्यायची आणि हुकमाची प्रत ठळक जागी चिकटवायची. दादरला एका इमारतीखाली ढोल वाजवून मी वर गेलो, तर घरातल्या आजी देव्हाऱ्यातल्या मूर्ती पिशवीत भरत होत्या. त्यांना वाटलं, आत्ताच बाहेर काढणार. मी त्यांच्याजवळ बसलो. सांगितलं, आज तुम्हाला कुणी हलवत नाही. मुलाला हे घर आता विकता येणार नाही, कुणाच्या नावे करता येणार नाही, एवढंच. पैसे कोर्टात भरले की जप्ती उठते. नाहीच भरले तरी लिलावाआधी जाहीरनामा निघतो, मुदत मिळते. आजींनी मूर्ती पुन्हा जागेवर ठेवल्या. असं समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात. ती देत जा.

"रात्री नऊला या, तेव्हाच तो घरी सापडतो," असं तुला दर आठवड्याला ऐकायला मिळेल. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी जप्तीसाठी राहत्या घरात शिरायचं नाही, कलम 62. वाटल्यास पहाटेपासून चाळीखाली थांब, पण पाऊल उजाडल्यावरच टाक.

सोमवारी कुर्ल्याला जाणार आहेस असं बाबा म्हणाले. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. डबा लवकर खाऊन एकच्या आत निघ, आणि पंच तिथे मिळतील या भरवशावर राहू नकोस.

तुझा,
काका