इसार देण्याआधी

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि परदेशात सुट्टीसाठी घ्यायच्या त्या घराचे फोटो कितीतरी वेळा पाहिले. ती निळी दारं, गच्चीवरून दिसणारी समुद्राची पट्टी, आणि शेवटी तू विचारलेलं, "ताई, इसार देऊन टाकू का?" दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, पंधरा दिवसांत काय ते कळवा, असं एजंट म्हणतोय तेही वाचलं.

असंच एक घर मी स्पेनच्या किनाऱ्यावर नऊ वर्षं सांभाळलं आणि मग विकलं. त्यामुळे माझं मत आधीच सांगते : आत्ता घेऊ नकोस. कधीच घेऊ नकोस असं मात्र माझं म्हणणं नाही. त्या घरात माझी मुलगी पोहायला शिकली, आणि संध्याकाळी पायऱ्यांवर बसून आम्ही जितकं बोललो तितकं एरवी वर्षभरात बोलत नव्हतो. ते सुख खरं होतं. पण ते मिळवायला घर मालकीचंच असायला हवं होतं का, याचा विचार आम्ही घर घेतल्यावर केला.

तू एक कागद घे आणि आधी रात्री मोज. नोकरीतली रजा किती, त्यातली घरच्यांसाठी किती जाते, आजारपणाला किती ठेवावी लागते, नवऱ्याची रजा तुझ्या रजेशी जुळते का. उरलेल्यातून प्रवासाचे दिवस वजा कर. आम्ही घेतलं तेव्हा वर्षाला सहा आठवडे जायचं असं बोललो होतो. विकल्यावर मी जुन्या डायऱ्या काढून बसले, तर सरासरी भरली वर्षाला १९ रात्री. मग वर्षाचा सगळा खर्च मांड : घरपट्टी, विमा, सोसायटीचा मेंटेनन्स, वापर नसतानाही येणारं विजेचं किमान बिल, चावी ठेवणाऱ्या माणसाचे पैसे, दुरुस्ती, विमानभाडं. घरात अडकलेली रक्कम दुसरीकडे ठेवली असती तर जे व्याज आलं असतं तेही यात धर. एकूण रकमेला रात्रींनी भाग. जो आकडा येईल त्यात त्याच गावात चांगलं घर भाड्याने मिळतंय का, ते बघ. आम्हाला मिळालं असतं, आणि तेही समुद्राच्या जास्त जवळ.

आणखी एक खर्च कुणी आधी सांगत नाही. स्पेनमध्ये तू राहत नसलीस आणि घर रिकामं असलं, तरी त्याच्या सरकारी मूल्याच्या १.१ किंवा २ टक्के रक्कम तुझं उत्पन्न समजली जाते. मालक युरोपियन युनियनबाहेर राहणारा असेल तर त्यावर २४ टक्के कर लागतो. रक्कम फार मोठी नसते, पण विवरणपत्र दरवर्षी भरावंच लागतं, आणि ते भरून देणाऱ्याची फी वेगळी.

दुसऱ्या वर्षी आम्ही तिथे पोचलो ती दुपार अजून डोळ्यांपुढे आहे. आठ महिने बंद असलेलं दार उघडलं तर आत कुबट वास. जाताना फ्रिज बंद करून दारही लावून घेतलं होतं, त्यामुळे आतली रबरी पट्टी बुरशीने काळी झाली होती. खिडकीवरचं गुंडाळायचं शटर वर ओढायला गेले तर त्याचा पट्टा हातात आला. गच्चीच्या दाराच्या बिजागऱ्या खाऱ्या हवेने इतक्या गंजल्या होत्या की दार उघडायला दोघांना जोर लावावा लागला. गीझरखाली पाण्याचं थारोळं होतं. पहिला दिवस प्लंबर शोधण्यात गेला आणि दुसरा त्याची वाट पाहण्यात. सात दिवसांची सुट्टी होती. पुढे मी जाताना फ्रिजच्या दारात टॉवेलची घडी अडकवून ठेवायला शिकले, पाण्याचा मुख्य कॉक बंद करायला शिकले. पण लक्षात घे, सुट्टीच्या जागी आपल्याला हलकं वाटतं ते तिथलं काही बिघडलं तर निस्तरणारं दुसरं कुणी असतं म्हणून. घर आपलं झालं की निस्तरणारे आपणच.

आता राहण्याच्या हक्काचं. घर घेतलं म्हणजे हवं तितकं राहता येईल, असं तुझ्या पत्रात सहज आलंय. तसं होत नाही. शेंगेन देशांत, म्हणजे एकमेकांत सीमातपासणी नसलेल्या युरोपातल्या देशांच्या गटात, बाहेरच्या माणसाला निवासाचा परवाना नसेल तर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, मग तिथे त्याचं घर असो वा नसो. ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यावर, २०२१ पासून, स्पेन आणि फ्रान्समध्ये घरं असलेल्या हजारो ब्रिटिशांना स्वतःच्याच घरात दिवस मोजत राहावं लागलं. घरखरेदीवर निवासाचा परवाना देणारी योजना पोर्तुगालने ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबवली, स्पेनने ३ एप्रिल २०२५ ला. एजंटच्या जुन्या माहितीपत्रकात ती अजून छापलेली असेल तर त्यातल्या बाकीच्या मजकुरावरही किती भरवसा ठेवायचा ते ठरव.

"मालकी" या शब्दाचा अर्थही देशागणिक बदलतो. थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन सहसा स्वतःच्या नावावर घेता येत नाही; फ्लॅट घेता येतो, पण इमारतीतल्या एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांच्या मर्यादेत. मेक्सिकोत किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात राहतं घर बँकेच्या ट्रस्टमार्फत घ्यावं लागतं. स्पेनमध्येच १९८८ च्या किनारा कायद्यानंतर अगदी पाण्यालगतच्या काही घरांची मालकी जाऊन ठरावीक वर्षांचा वापराचा हक्क तेवढा उरला. तुझ्या फोटोतलं घर पाण्याच्या बरंच जवळ दिसतंय, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

कागदांच्या बाबतीत आमची चूक झाली ती अशी. वकील एजंटने सुचवला आणि आम्ही तोच घेतला. माणूस गोड बोलायचा. स्पेनमध्ये सोसायटीच्या वर्गणीची चालू वर्षाची आणि त्याआधीच्या तीन वर्षांची थकबाकी घरावरच बसते, मालक बदलला तरी. म्हणून खरेदीखताच्या वेळी विकणाऱ्याने थकबाकीचा दाखला द्यायचा असतो, आणि घेणारा "मला दाखला नको" म्हणून लिहून देऊ शकतो. त्या लिहून देण्यावर आमच्या सह्या घेतल्या गेल्या. भाषा आम्हाला येत नव्हती. चार महिन्यांनी लिफ्टच्या कामासकट जुनी बाकी आमच्या नावावर आली. वकील तू स्वतः शोध, विकणाऱ्याशी किंवा एजंटशी संबंध नसलेला. आणि नोटरी समोर बसलाय म्हणजे आपली बाजू कुणीतरी पाहतंय, असं समजू नकोस. तो व्यवहार कायद्यात बसवतो, भावात किंवा अटींत तुझं हित बघणं हे त्याचं काम नाही.

भाड्याने देऊन खर्च भागेल, हे तुझं गणित मला सगळ्यात कच्चं वाटतं. भाडेकरूंना हवे असतात तेच आठवडे तुलाही हवे असतात. शिवाय नियम बदलतात : बार्सिलोनाने पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू न ठेवण्याचं ठरवलंय, आणि एप्रिल २०२५ पासून स्पेनमध्ये असा फ्लॅट नव्याने भाड्याने द्यायला सोसायटीतल्या तीन पंचमांश मालकांची संमती लागते. भाडं मिळालं तर वरकड समज, हप्ता त्याच्यावर टेकवू नकोस.

हप्त्याचं आणखी एक. पगार एका चलनात आणि कर्ज दुसऱ्या, असं करू नकोस. १५ जानेवारी २०१५ ला स्विस मध्यवर्ती बँकेने आपल्या फ्रँक या चलनाचा भाव रोखून धरणारी मर्यादा अचानक उठवली, फ्रँक महागला आणि पोलंडमध्ये फ्रँकमध्ये गृहकर्ज घेतलेल्या लोकांचे हप्ते एका दिवसात फुगले. त्यांनी काही उधळपट्टी केली नव्हती.

वारसाहक्काबद्दल घरात बोलायला जड जातं, पण बोल. फ्रान्ससारख्या देशात मुलांचा ठरावीक वाटा कायद्यानेच राखलेला असतो, तो मृत्युपत्राने सहसा काढता येत नाही. तिथल्या घरापुरतं वेगळं मृत्युपत्र लागेल का, हे तू शोधलेल्या वकिलाला विचार.

मी तुझ्या जागी असते तर एजंटला नाही म्हणून कळवलं असतं आणि त्याच गावात फेब्रुवारीत तीन आठवडे भाड्याने राहिले असते. पाऊस पडत असताना, अर्धी दुकानं बंद असताना, बसच्या फेऱ्या कमी झालेल्या असताना. शेजारी वर्षभर राहतात की सगळी इमारत अंधारात असते, ते रात्री खाली उभी राहून खिडक्यांतले दिवे मोजून कळतं. आमच्या इमारतीत चोवीस घरं होती. हिवाळ्यात दिवे लागायचे तीन. असं दोन-तीन वर्षं वेगवेगळ्या महिन्यांत जाऊन ये. तरीही तेच गाव हवंसं वाटलं तर घे, आणि कर्ज न काढता घेता येईल एवढंच घे.

तोवर त्या घराचा नोंदणीचा उतारा मागव. स्पेनमध्ये त्याला "नोटा सिंप्ले" म्हणतात, थोड्या फीमध्ये मिळतो. मालक कोण, बोजा किती, क्षेत्रफळ किती, सगळं त्यात असतं. गच्ची त्यात नोंदलेली आहे का, ते आधी बघ, आमची नव्हती. उतारा आला की मला पाठव, आपण फोनवर ओळ न् ओळ वाचू.

तुझी,
ताई