वायमननंतरचा बेस

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. फोन करणार होतो, पण असलं बोलणं फोनवर अर्धवट राहतं, म्हणून लिहायला बसलो. इतक्या वर्षांच्या बँडमध्ये पहिल्या दिवसापासून बेस (खालचे सूर धरणारी गिटार) वाजवणारा माणूस परदेशी गेला आणि त्याच्या जागी तुला बोलावलं. दोन गिग (कार्यक्रम) झाल्या आणि दोन्ही वेळा कुणीतरी जवळ येऊन म्हणालं, "छान वाजवलंस, पण तो असताना..." हे "पण" डोक्यातून जात नाही, असं तू लिहिलंयस. त्याच्या सगळ्या ओळी जशाच्या तशा बसवू की माझं मी वाजवू, हा तुझा प्रश्न.

तुमच्या यादीत निम्मी गाणी रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडची आहेत. मग त्यांच्याकडेच बघू. त्यांचा जुना बेसवाला बिल वायमन बरा की त्याच्या जागी आलेला डॅरिल जोन्स, हा वाद मी पुण्यातल्या जॅमरूममध्ये, कटिंग चहावर, मध्यरात्रीपर्यंत ऐकलेला आहे. त्यात मीही हिरिरीने भांडलोय.

पहिली गोष्ट म्हणजे ज्याला आपण 'मूळ' म्हणतो तो वायमन पहिला नव्हताच. 12 जुलै 1962 ला लंडनच्या मार्की क्लबमध्ये स्टोन्स त्या नावाने पहिल्यांदा उभे राहिले, तेव्हा बेस डिक टेलरच्या हातात होता. तो काही महिन्यांत शिकायला निघून गेला आणि पुढे प्रिटी थिंग्ज हा स्वतःचा बँड काढला. वायमन आला डिसेंबरात, चेल्सीतल्या वेदर्बी आर्म्स नावाच्या पबमध्ये झालेल्या तालमीला. बाकीची पोरं एकोणीस-वीसची, हा सव्वीसचा. हवाई दलात सक्तीची नोकरी करून आलेला, लग्न झालेला, घरात लहान मूल. त्या पोरांना त्याच्या वाजवण्याइतकाच त्याने सोबत आणलेला जास्तीचा, आवाज मोठा करणारा व्हॉक्स अ‍ॅम्पही आवडला होता. बँडकडे पैसे नव्हते, अ‍ॅम्प हवा होता. म्हणजे ज्याच्या नावाने आज लोक उसासे टाकतात, तोही एकेकाळी दुसऱ्याच्या जागी आलेला नवा माणूसच होता. ड्रमर चार्ली वॉट्स तर त्याच्याही नंतर, 1963 च्या जानेवारीत आला.

वायमनचा हात लहान. त्याने 1961 मध्ये एक स्वस्तातला बेस घेतला, त्याचं लाकूड कापून छोटं केलं आणि वाजताना खडखडणाऱ्या सगळ्या फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, उपटून काढल्या. नव्या बसवायचा विचार होता, पण तसाच आवाज आवडला म्हणून ठेवला. फ्रेटलेस बेस बाजारात येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पुढेही त्याने बरेचदा आखूड मानेचे बेस वापरले. फेंडरच्या नेहमीच्या बेसवर तारेची लांबी 34 इंच असते, आखूड बेसवर 30 च्या आसपास. तार सैल राहते, सूर गोल आणि बोथट येतो, लवकर विझतो. त्याचे जुने व्हिडिओ बघ: बेस जवळजवळ उभा धरलेला, चेहरा मख्ख, पाय जागचे हलत नाहीत. गायक मिक जॅगर सगळं स्टेज पिंजून काढतोय आणि हा एका कोपऱ्यात खांबासारखा.

पण ऐक. 'पेंट इट ब्लॅक' मध्ये खालून जो गडगडाट येतो, त्यासाठी तो जमिनीवर बसून ऑर्गनच्या पायपट्ट्यांवर मुठी मारत होता. '19थ नर्व्हस ब्रेकडाउन' च्या शेवटी बेस वरून खाली कोसळत येतो, तोही त्याचाच. दोन्ही 1966 मधली. आणि 1978 चं 'मिस यू'. तो बेस तू शिकली आहेस, तुला माहीत आहे की एकही सूर गाळला तर गाणं लंगडं होतं.

आता दुसरी बाजू. 'सिम्पथी फॉर द डेव्हिल' चा बेस तू वायमनचा म्हणून बसवलास, हो ना? तो गिटारवाल्या कीथ रिचर्ड्सने वाजवलाय. 'स्ट्रीट फायटिंग मॅन' चाही त्याचाच. 'टम्बलिंग डाइस' वर मिक टेलर आहे, जो बँडमधला लीड गिटारवाला. त्या काळी स्टुडिओत जो हजर आणि ज्याला सुचलं तो वाजवायचा, आणि मग वायमन तेच रस्त्यावरच्या दौऱ्यात स्वतःच्या पद्धतीने वाजवायचा. तेव्हा 'मूळ ओळ' म्हणून देव्हाऱ्यात ठेवायच्या आधी ती कुणाची हे तपासून घे. तुमच्या त्या माणसाच्या काही ओळीही गिटारवाल्याने सुचवलेल्या असतील. विचार त्यांना. माझा अनुभव आहे, निम्म्या वेळेला असंच निघतं.

1993 च्या सुरुवातीला वायमन बाहेर पडला. तीस वर्षं झाली होती, विमानप्रवास त्याला नकोसा झाला होता. बऱ्याच जणांकडून वाजवून घेऊन पाहिलं आणि शेवटी कीथने निवड चार्लीवर सोपवली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बेसवाला कोण हे ड्रमरने ठरवलं. चार्ली मनाने जॅझवाला, आणि जोन्स शिकागोचा, वयाच्या एकविसाव्या वर्षी जॅझमधल्या दिग्गज माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये गेलेला, नंतर गायक स्टिंगबरोबर वाजवलेला. हात असा की त्याला काहीही वाजवता आलं असतं. 1994 च्या 'व्हूडू लाउंज' अल्बमपासून तो स्टोन्सबरोबर आहे. 2024 च्या दौऱ्यातही तोच होता. हिशेब कर: वायमनची तीस वर्षं आणि याचीही तीस झाली. तरी लोक अजून त्याला 'वायमनच्या जागी आलेला' म्हणतात, आणि बँडच्या अधिकृत फोटोत तो नसतो, कारण कागदोपत्री तो कधी सदस्य झालाच नाही. मला ते आजही खटकतं. म्हणून तुला सांगतो, तू या बँडमध्ये सदस्य आहेस की गिगच्या पैशांवर वाजवणारी, हे आत्ताच, सगळे खुशीत असताना विचारून घे. दोन्हीत कमीपणा नाही, पण उत्तर माहीत असलेलं बरं. मी ते विचारायला लाजलो आणि सहा वर्षांनी एका रेकॉर्डिंगवर माझं नावच नव्हतं.

2003 च्या एप्रिलमध्ये स्टोन्स मुंबईला ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले होते. आम्ही चौघं पुण्याहून गेलो होतो. सगळे जॅगरकडे बघत होते, मी दोन तास जोन्सच्या उजव्या हाताकडे बघत होतो. तो ड्रमच्या जवळ उभा होता आणि मान वळवून सारखा चार्लीकडे बघत होता. चार्लीची एक सवय तुला माहीत असेल: दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअर ड्रम मारताना तो हाय-हॅटच्या झांजेवरचा हात उचलायचा. तिथे एक बारीकशी फट पडते, श्वास घेतल्यासारखी. हाताशी इतकी तयारी असलेला माणूस त्या फटीत सहज दोन सूर भरू शकला असता. जोन्सने ती मोकळी ठेवली. जुन्या रेकॉर्ड पुन्हा ऐक, वायमननेही ती मोकळीच ठेवलेली आहे. दोघांचा हात वेगळा, वाद्य वेगळं, घराणं वेगळं. एवढी एक जागा सारखी.

बाकी फरक आहेच, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. स्टोन्समध्ये ड्रमर कीथच्या गिटारच्या मागून जायचा. इतर बँडमध्ये गिटारवाला ड्रमरला धरून चालतो, इथे उलटं. त्यामुळे ताल किंचित झोकांड्या खातो, आणि वायमन त्या झोकांड्यांसकट वाजवायचा. जुन्या वाड्याच्या लाकडी जिन्यासारखं: पायरी जरा हलते, पण घरच्या माणसाचा पाय बरोबर पडतो. जोन्स आला आणि खाली दगडी जोतं आलं. पन्नास हजार माणसांच्या मैदानात तसंच लागतं, आणि अलीकडच्या दौऱ्यांत 'मिस यू' च्या मध्ये तो जो सोलो घेतो तो वायमनला कधी सुचला नसता. तरी माझं मन विचारशील तर, साठच्या दशकातली गाणी मला त्या हलत्या जिन्यासकटच हवीत. जोन्सच्या हातून ती जास्त सरळ होतात. हे मत मी बदलायचा प्रयत्न केला, बदललं नाही. पण त्याने जोन्स उणा ठरत नाही. झोकांडी नक्कल करून आणता येत नाही, आणि त्याने तो प्रयत्न केला नाही, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

मी मात्र केला होता. तुझ्याहून थोडा मोठा असेन, एका नावाजलेल्या बँडमध्ये असाच कुणाच्या तरी जागी गेलो. त्यांच्या कार्यक्रमांच्या कॅसेट मिळवल्या आणि महिनाभर रोज चार तास एकेक फिल, म्हणजे ओळींमधली छोटी भर, उतरवून काढला. आधीचा बेसवाला कुठल्या ओळीनंतर तार घासत वर जायचा, कुठे एक सूर उशिरा सोडायचा, सगळं पाठ. पहिल्या तालमीत एकही चूक झाली नाही. मध्यंतरात ड्रमर सिगरेट ओढायला बाहेर गेला, मी मागोमाग गेलो, वाटलं शाबासकी मिळेल. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सगळं त्याच्यासारखं वाजलं रे. पण मी आज दुसऱ्या गाण्यात टेम्पो खाली घेतला, ते तुला कळलं का?" मला कळलं नव्हतं. मी कॅसेटबरोबर वाजवत होतो. तो समोर बसला होता आणि मी कॅसेटबरोबर वाजवत होतो. त्या बँडमध्ये मी चार महिन्यांच्या वर टिकलो नाही, आणि दोष माझाच होता.

तेव्हा ओळी की स्वतःचं, असं तोलत बसू नकोस. ज्या चार-पाच गाण्यांत बेस म्हणजेच गाणं आहे, तिथे एक सूरही हलवू नकोस. 'मिस यू' त्यातलं. तिथे स्वतःचं काही दाखवायला जाणं हा श्रोत्याचा अपमान आहे. उरलेल्या गाण्यांत आधीच्या माणसाने काय वाजवलं ते एकदा नीट ऐक आणि महिनाभर पुन्हा ऐकू नकोस. त्या महिन्यात ड्रमरबरोबर एकटी बस. गिटार नाही, गाणारा नाही, फक्त त्याची किक (पायाने वाजणारा ड्रम) आणि तुझा बेस. तो तुझ्याआधी त्या दुसऱ्या माणसाबरोबर इतकी वर्षं वाजवत आलाय, त्याचा पाय अजून त्याचीच वाट बघत असणार. त्याला वेळ दे. आणि त्याची ती फट कुठे आहे ते शोध, प्रत्येक ड्रमरची असते.

आणि त्या माणसाला फोन कर. परदेशी असला तरी फोन लागतो. त्याची जागा घेतली म्हणून नव्हे, तर 'हे गाणं तुम्ही कसं धरत होता' एवढं विचारायला. 2012 मध्ये लंडनला स्टोन्सच्या पन्नाशीच्या कार्यक्रमात वायमन पाहुणा म्हणून दोन गाणी वाजवून गेला. दोनच मिळाली याचं त्याला वाईट वाटलं, तो तसं बोललाही. 2023 च्या अल्बममध्ये तो एका गाण्यावर पुन्हा वाजला, आणि त्याच गाण्यावर ड्रम चार्लीचे आहेत, 2021 मध्ये वारण्यापूर्वी रेकॉर्ड केलेले. ते दोघं एकत्र ऐकताना मला गाडी बाजूला घ्यावी लागली होती. सोडून गेलेल्या माणसाचं मन त्या जागेत अडकलेलं असतं गं. तुमचा तो कधी सुट्टीला आला तर त्याला दोन नव्हे, चार गाणी दे, आणि तेवढा वेळ खाली उतरून समोरून ऐक. तिथून तुला जे कळेल ते माझ्या पत्रात नाही.

जवळ येऊन "पण तो असताना" म्हणणाऱ्यांना "हो, तो फार छान वाजवायचा" म्हण. ते खरंच आहे, आणि त्यांना तेवढंच ऐकायचं असतं.

रविवारी सकाळी ये. बेस घेऊन ये, अ‍ॅम्प इथे आहे. तुझ्या तारा फार चकचकीत वाजतात, जुन्या गाण्यांना त्या टोचतात. माझ्याकडे गुळगुळीत तारांचा एक न वापरलेला संच पडलाय, तो चढवून बघू. ब्रिजपाशी तारांखाली सरकवायला स्पंजचा तुकडाही कापून ठेवलाय. आणि जमलं तर ड्रमरलाही घेऊन ये, पोहे करतो.

तुझा,
काका