दुकानदार ‘यूपीआय नको, रोख द्या’ म्हणतात, ही करचोरीच ना? तक्रार कुठे करायची?

आधी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याने क्यूआरचा स्टिकर काढला आणि दह्यालाही रोख मागतो, म्हणून तक्रार करायचीय असं तुम्ही लिहिलंय. तक्रार कुठेच होत नाही. डिजिटल पैसे घेण्याची सोय ठेवण्याची सक्ती आयकर कायद्याने केलीय ती वर्षाला ५० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना. तुमचा डेअरीवाला त्यात बसत असेल तर मला त्याचा पत्ता कळवा, मी त्याच्याकडे नोकरी मागतो.

आता ‘करचोर’ या शब्दाबद्दल. छोट्या दुकानांच्या वह्या लिहिणं हे माझं काम. डेअरी, बेकरी, झेरॉक्स, हार्डवेअर, सगळी. आमचे आयटीतले मेहुणे दर दिवाळीला फराळाच्या ताटावर हाच शब्द काढतात. त्यांना तोंडी उत्तरं देऊन झाली, आता लेखी देतो.

सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी एक डेअरी आहे. रोज दीडशे लिटर दूध, शिवाय दही, पनीर, तूप, ब्रेड-खारी, उन्हाळ्यात आइस्क्रीम. क्यूआर मालकाच्या बचत खात्याला जोडलेला. एका शनिवारी संध्याकाळी दुधाच्या डिस्ट्रिब्युटरला पैसे जाईनात. खात्यावर १ लाख ८६ हजार दिसतायत, पण एक रुपया हलत नाही. सोमवारी शाखेत गेला तर ‘वरून होल्ड आहे, सायबरचं आहे’ एवढंच. दुधाचे पैसे रोजच्या रोज द्यावे लागतात, उधारी चालत नाही. दोन दिवस गाडी आली नाही.

चार दिवसांनी कळलं की कारण होतं १,२४० रुपये. एका पोराने पनीर आणि आइस्क्रीमचे फॅमिली पॅक नेले होते, पैसे क्यूआरवर दिले होते. त्याच्या खात्यात ते पैसे आले होते परराज्यातल्या कुणाच्या तरी फसवणुकीतून, दोन खाती ओलांडून.

ही यंत्रणा चालते कशी, ते मेहुण्यांसकट कुणालाच माहीत नसतं. ज्याची फसवणूक झाली तो १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करतो किंवा सायबर पोर्टलवर तक्रार टाकतो. तिथे त्या व्यवहाराचा आरआरएन, म्हणजे बारा आकडी व्यवहार क्रमांक, भरला जातो. पैसे ज्या बँकेत गेले तिला पोर्टलवरूनच कळतं. ती बँक उरलेले पैसे अडवते आणि पुढे कुठे गेले ते पोर्टलवर भरते. मग पुढची बँक, मग त्याच्या पुढची. याला लेयर म्हणतात. पैसे मिनिटामिनिटाला उड्या मारतात, म्हणून बँकाही विचारत बसत नाहीत, आधी अडवतात. ते बरोबरच आहे. पण तिसऱ्या-चौथ्या लेयरला चोर पैसे फिरवायचं थांबवून खर्च करायला लागतो, आणि साखळीत डेअरी, मोबाइलचं दुकान, पेट्रोल पंप, सोनार येतात. पोर्टलला चोराचं खातं आणि पनीरवाल्याचं खातं सारखंच दिसतं.

आता इथे खरी गोम आहे. अडवायचे असतात वादातले १,२४० रुपये. म्हणजे तेवढ्याच रकमेवर लिन लावायचं, ती रोखून ठेवायची, बाकी खातं चालू ठेवायचं. पण शाखेतला माणूस अंगाला लावून घेत नाही, तो अख्ख्या खात्यालाच डेबिट फ्रीज टाकतो, म्हणजे खात्यातून पैसे बाहेर जाणंच बंद. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलंय की वादातल्या रकमेपुरतंच अडवा. महाराष्ट्रातल्या शाखेवर तो निकाल बंधनकारक नाही, पण अर्जात त्याचा उल्लेख केला की साहेब निदान वरच्या ऑफिसला फोन तरी लावतात.

हे कुणावर आलं तर काय करायचं तेही लिहून ठेवतो. शाखेत तोंडी भांडू नका, लेखी अर्ज देऊन पाच गोष्टी मागा: सायबर पोर्टलचा तक्रार क्रमांक, वादातली नेमकी रक्कम, त्या व्यवहाराचा आरआरएन आणि तारीख, कुठल्या राज्यातलं कुठलं पोलीस ठाणं, आणि तपास अधिकाऱ्याचा अधिकृत ईमेल. अर्जाच्या झेरॉक्सवर पोच म्हणून शिक्का घ्या. मग त्या ईमेलवर दुकानाचा शॉप अॅक्टचा कागद, फूड लायसन्स, त्या दिवसाचं खात्याचं स्टेटमेंट आणि त्या विक्रीचं बिल पाठवा. बिल नसेल तर त्या दिवशीची माल-खरेदीची पावती. सीसीटीव्ही असेल तर त्या वेळेचा तुकडा पहिल्याच दिवशी काढून ठेवा. बऱ्याच डीव्हीआरमध्ये पंधरा दिवस ते महिन्यात जुनं पुसलं जातं, आणि पोलीस विचारतात तोवर ते गेलेलं असतं. अधिकाऱ्याची एनओसी बँकेच्या अधिकृत ईमेलवर थेट जायला हवी. तुम्ही हातात नेलेला कागद शाखा पुष्कळदा मानत नाही. आणि ‘फ्रीज काढून देतो, इतके पाठवा’ असा फोन आला तर तो दुसराच चोर असतो.

या डेअरीला ४७ दिवस लागले. मालकाने स्टिकर फाडला तो त्या सत्तेचाळीस दिवसांत. तुमच्या डेअरीवाल्याचं काय झालं ते तुम्ही त्याला विचारलंत का?

दुसरी भीती कराची, ती आहेच, मी नाकारत नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या विक्रेत्यांना नोटिसा काढल्या. हावेरीतल्या एका भाजीवाल्याला चार वर्षांच्या १.६३ कोटींच्या जमेवर २९ लाखांची नोटीस आली. ताज्या भाजीवर जीएसटीच नाही, तरी आली, कारण खातं फक्त जमा दाखवतं, काय विकलं ते दाखवत नाही. बंगळुरात दुकानांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ असे कागद झळकले, आणि शेवटी सरकारने जुन्या थकबाकीच्या वसुलीतून माघार घेतली. त्या कागदांचे फोटो आपल्याकडे मोबाइलवर फिरले. माघारीची बातमी फिरली नाही.

आता हिशेब मांडू. मालाच्या धंद्याला जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख, म्हणजे दिवसाला जेमतेम ११ हजार. आपल्या डेअरीत दीडशे लिटर गुणिले ६० झाले ९ हजार, वर बाकीचा माल साडेतीन हजार. वर्षाचे साडेपंचेचाळीस लाख. ऐकायला केवढे वाटतात! मिळतात किती? दुधावर लिटरमागे अडीच रुपये, म्हणजे ३७५. बाकी मालावर १५ टक्के धरले तर सव्वापाचशे. रोजचे ९०० रुपये, आणि त्यातून गाळ्याचं भाडं, फ्रीजरचं लाइट बिल, पोऱ्याचा पगार. मेहुणे साडेपंचेचाळीस लाखाचा आकडा बघून भुवया उंचावतात. त्यांचा पगार मी इथे लिहीत नाही.

नियमातली मेख अशी की दूध करमुक्त असलं तरी उलाढाल मोजताना ते धरलं जातं. फक्त करमुक्तच माल विकत असाल तर नोंदणी लागत नाही. पण दुधाच्या शेजारी बिस्किटाचे पुडे आणि आइस्क्रीम ठेवलं, की दुधाचे ९ हजारही मर्यादेत मोजायचे. कित्येक डेअरीवाले इथेच अडकतात, आणि त्यांना हे सांगायला कुणी येत नाही.

बरं, नोंदणी केली तर पडतं किती? करपात्र माल धरा दिवसाला दोन हजारांचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून आइस्क्रीम १८ वरून आणि तूप १२ वरून ५ टक्क्यांवर आलंय. खरेदीवर भरलेला कर वजा होतो, तेव्हा खिशातून जातो तो तीनशे रुपयांच्या नफ्यावरचा, म्हणजे दिवसाला चौदा-पंधरा रुपये. कॉम्पोझिशन, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची ठोक कराची योजना, घेतलं तर करपात्र विक्रीवर १ टक्का, दिवसाला २० रुपये, तिमाहीला एक चलन आणि वर्षाला एक रिटर्न. माझी फी याहून जास्त होते, हे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. तर ही तुमची करचोरी: दिवसाला वीस रुपये.

आयकराचं तर याहून मजेशीर आहे. दोन कोटींपर्यंतच्या धंद्याला अंदाजे नफा दाखवायची सोय आहे: रोखीच्या विक्रीवर ८ टक्के, बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के. साडेपंचेचाळीस लाख सगळे रोख धरले तर नफा ३ लाख ६४ हजार मानला जाईल, सगळे यूपीआयने आले तर २ लाख ७३ हजार. म्हणजे स्टिकर काढून त्याने कागदोपत्री स्वतःचा नफा ९१ हजारांनी वाढवून घेतला! कर दोन्हीकडे शून्यच, कारण २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत सूट आहे. पण दुकान वाढलं की हा फरक टोचायला लागतो. आणि रोख लपते असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: बचत खात्यात वर्षाला १० लाख किंवा त्यावर रोख भरली, की बँक ते आपणहून आयकर खात्याला कळवते. चालू खात्याला ही मर्यादा ५० लाख आहे.

म्हणून दुकानदारांनाही माझं सांगणं कडकच असतं. चूक यूपीआयची नाही, बचत खात्याची आहे. एकाच खात्यात दुकानाचा गल्ला, बायकोच्या भिशीचे पैसे, भावाने परत केलेली उसनवारी आणि मुलाच्या मेसचे पैसे. बाहेरून बघणाऱ्याला ती सगळी विक्रीच दिसते, आणि फ्रीज लागला की घराचा किराणाही बंद. चालू खातं काढा. उद्यमचं (छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं) प्रमाणपत्र आणि शॉप अॅक्टची पोच असे दोन कागद बहुतेक ठिकाणी पुरतात. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी कामगार असतील तर शॉप अॅक्टची नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते. क्यूआर फक्त त्या खात्याला जोडा. रोज रात्री दुसऱ्या दिवसाच्या मालापुरते ठेवून बाकीचे दुसऱ्या बँकेतल्या खात्यात वळवा. एक अडकलं तरी दुकान चालतं.

आणि कुणी ‘दहा हजार टाकतो, नऊ हजार आठशे रोख दे’ म्हणाला तर त्याला दुकानाबाहेर काढा. चोरीचे पैसे रोखीत बदलायची ती सगळ्यात सोपी वाट आहे. तिथे मालाचं बिल नसतं, आणि मग तपास अधिकाऱ्याला काय सांगणार? दोनशे रुपयांसाठी खातं गमावलेले लोक मी पाहिलेत. मोठ्या विक्रीच्या बिलावर आरआरएनचे शेवटचे सहा आकडे पेनाने लिहायचे, पाच सेकंद लागतात.

‘यूपीआय महाग पडतं’ हे कारण कुणी दिलं तर मात्र ते खोटं समजा. १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून केलेल्या यूपीआयवर दुकानदाराला काही कापलं जात नाही. बोलणाऱ्या डबीचं महिन्याला शंभर-सव्वाशे भाडं असतं, ते वेगळं. त्यामुळे ‘यूपीआयला २ टक्के जादा’ म्हणणाऱ्याला नाही म्हणा. अपवाद असा: तुम्ही यूपीआयला रुपे क्रेडिट कार्ड जोडून पैसे देत असाल तर त्याचे कापले जातात. छोट्या दुकानदाराला तेही दोन हजारांपर्यंत माफ आहे.

तुमचे पैसे कापले गेले आणि डबी बोललीच नाही, तर आरआरएन दाखवा, त्याला वहीत लिहून घ्यायला सांगा. दुकानाचा व्यवहार असेल तर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई रिझर्व्ह बँकेच्या नियमात आहे. प्रत्यक्षात ती बहुतेकदा मागावी लागते, हेही खरं.

एक कबुली राहिली. ‘बिल हवं असेल तर १८ टक्के जादा’ म्हणणारा आणि नव्वद हजारांच्या टाइल्सचे रोख मागणारा दुकानदार असतो, आणि तो कशासाठी मागतो ते उघड आहे. तिथे मेहुण्यांचं बरोबर. वर दिलेलं गणितही दुधाच्या धंद्याचं आहे. कपड्यात नाहीतर मोबाइल रिपेअरिंगमध्ये नफा वेगळा, नियम वेगळे, आणि नुसती सेवा देणाऱ्याला मर्यादा २० लाखच आहे. शिवाय ६-८ टक्क्यांची सोय कमिशनच्या उत्पन्नाला लागू नाही, तेव्हा दूध संघाकडून कमिशनवर विकणाऱ्याने आधी आपल्या हिशेब लिहिणाऱ्या माणसाला विचारावं.

त्या डेअरीत आता पुन्हा क्यूआर लागलाय, चालू खात्याचा. फॅमिली पॅकच्या वर काही नेलं की मालक नाव विचारतो आणि बिल फाडतो. गिऱ्हाइकं वैतागतात. परवा मेहुणे तिथून तूप घेऊन आले आणि नाव का विचारलं म्हणून माझ्याकडे तक्रार करत होते.