वडिलांचं ३२ बोअर रिव्हॉल्व्हर साफ ठेवायला नेमकं काय काय घ्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे: वडिलांच्या पश्चात त्यांचं कानपूरचं रिव्हॉल्व्हर परवान्यासकट रीतसर तुमच्या नावावर झालंय, राहणं रत्नागिरीकडे, वर्षाकाठी रेंजवर दहा-बारा गोळ्या उडाल्या तर उडाल्या. ऑनलाइन मिळणारं चाळीस तुकड्यांचं 'युनिव्हर्सल' किट घ्यावं का, तेल कोणतं घ्यावं, आणि वडिलांच्या चामडी होल्स्टरचं काय करावं?

किट घेऊ नका. बाकीचं सविस्तर सांगतो, कारण यात माझा हात पोळलेला आहे.

मी फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल करणारा, होतो. नोकरीतली बरीच वर्षं कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या कोठारात, तेलाच्या वासात गेली. आता पाटणकडे गावी असतो आणि माझ्याकडेही परवान्यावरचं ३२ आहे. ओळखीतले परवानेवाले विचारायला येतात. दुरुस्ती मी करत नाही, त्याला वेगळा परवाना लागतो. पण समोर बसवून, त्यांच्याच हाताने, साफ कसं करायचं तेवढं दाखवतो.

या विषयावरचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले. तिथला माणूस एका रविवारी दोन-तीनशे गोळ्या उडवतो, म्हणून त्याचं सगळं सामान काजळी काढायच्या बेताने मांडलेलं असतं. आपल्याकडचं हत्यार वर्षभर कपाटात बसतं आणि जूनपासून चार महिने ओल पितं. तुमच्याकडे तर वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. तुमची लढाई गंजाशी आहे, काजळीशी नाही. खरेदीही त्याच हिशोबाने करा.

आधी हत्यार रिकामं करणं. तुमचं रिव्हॉल्व्हर जुन्या वेब्ली या विलायती रिव्हॉल्व्हरच्या धाटणीचं आहे, खटका दाबला की मधूनच मोडतं आणि नळी खाली झुकते. ते पूर्ण उघडा, काडतुसं काढा आणि दुसऱ्या खोलीत ठेवून या. मग सिलिंडरची, म्हणजे काडतुसांच्या फिरत्या नळकांड्याची, सहाच्या सहा भोकं उजेडात बघा आणि बोट लावून मोजा. फौजेत आमचे उस्ताद अंधारात बोटाने मोजायला लावायचे. साफ करताना गोळी सुटल्याच्या बातम्या येतात ना, त्यातलं हत्यार दर वेळी 'रिकामंच' असतं. घरात पोरं असतील तर हे काम ती शाळेत गेल्यावर करा.

आता सामान. पहिला गज, म्हणजे सफाईची सळई. पिस्तुलासाठीचा आखूड, अखंड, पितळी किंवा प्लास्टिकचं आवरण असलेला घ्या. किटमधला गज बहुधा अॅल्युमिनियमचा आणि तीन तुकड्यांचा असतो. अॅल्युमिनियम मऊ, त्यात कचकच रुतून बसते आणि मग तोच गज नळीला कानशीसारखा घासतो. शिवाय सांध्यांच्या कडा असतात त्या वेगळ्याच. आणखी एक गोम अशी की अमेरिकन ब्रशचे आटे निराळे, विलायती गजाचे निराळे. ब्रश एकीकडून आणि गज दुसरीकडून आणला तर एकमेकांत बसतीलच असं नाही. दुकानात उभं राहून फिरवून बघा आणि मगच पैसे द्या. म्हणूनच मी गन हाऊसमध्ये जाऊन घ्या म्हणतो.

ब्रश ३२ चाच हवा. दोन घ्या, एक फॉस्फर ब्रॉन्झचा आणि एक नायलॉनचा. ३२ रिव्हॉल्व्हरची आणि ३२ पिस्तुलाची काडतुसं वेगळी असतात, ती चुकूनही अदलाबदल करू नका. पण नळीचं माप जवळपास सारखंच, त्यामुळे ब्रश दोन्हींना तोच चालतो. (काडतुसाच्या पितळी बुडावर 'केएफ' दिसलं तर ते किरकी फॅक्टरी, म्हणजे आपल्या पुण्याची खडकी. १८६९ पासूनचा कारखाना.) पोलादी तारांचा ब्रश कोणी स्वस्तात दिला तरी नको.

चिंध्या विकत घ्यायची गरज नाही. एनसीसी केली असेल तर ४ इंच बाय २ इंचाची चिंधी आठवत असेल. ते माप रायफलीच्या फुलथ्रूचं, म्हणजे नळीतून चिंधी ओढायच्या दोरीचं, आपल्याला त्याच्या निम्मी पुरते. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती बनियन घ्या. पांढरंच घ्या, म्हणजे मळ दिसतो. टेरीकॉट नको, ते तेल शोषत नाही. एक जुना टूथब्रश, थोडे कान कोरायचे कापसाचे बोळे आणि नायट्राइलचे हातमोजे, एवढ्यावर काम भागतं. हातमोजे चैन म्हणून सांगत नाही. काडतुसाच्या टोपीत, म्हणजे बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या भागात, शिशाचं संयुग असतं आणि काजळीत ते उतरतं. हे काम जेवणाच्या टेबलावर करू नका, खिडकी उघडी ठेवा आणि नंतर साबणाने हात धुवा.

तेलावर लोक तासन्‌तास भांडतात. मुळात कामं दोन: मळ सोडवणं आणि धातू झाकणं. मळ सोडवायला हॉप्पेज नंबर ९ हे १९०३ पासूनचं द्रावण अजूनही उत्तम. त्याला पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो आणि घरच्यांच्या शिव्या त्यावरूनच बसतात. पण ते संरक्षणाचं तेल नव्हे, काम झालं की पुसून काढायचं. एकच बाटली घ्यायची असेल तर तुमच्यासाठी मी बॅलिस्टॉल म्हणेन. जर्मन फौजेसाठी १९०४ च्या सुमारास निघालेलं हे तेल पाण्यात मिसळलं की दुधासारखं पांढरं होतं, लाकडी मुठीला त्रास देत नाही आणि वास बडीशेपेचा. वर्षाला दहा गोळ्यांची काजळी ते आरामात काढतं आणि पातळ थर मागे ठेवून जातं. सीएलपी नावाने मिळणारी 'साफ करा, वंगण द्या, जपा' अशी थ्री-इन-वन तेलंही चालतील. नाव महत्त्वाचं नाही, बाटली बंदुकीसाठीची असावी आणि सीलबंद असावी.

नाहीच मिळालं तर शिलाई मशीनचं तेल वापरा. ते शुद्ध खनिज तेल आहे, नुकसान करत नाही, फक्त लवकर उडून जातं, म्हणून पावसाळ्यात दर पंधरवड्याला पुन्हा पुसावं लागतं. डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली पाणी हटवण्यासाठीच तयार झालं. रिव्हॉल्व्हर भिजलं तर मारा आणि पुसा, पण त्याच्या भरवशावर ते कपाटात ठेवून देऊ नका. खोबरेल आणि मोहरीचं तेल तर अजिबात नको. कोकणात घरोघरी खोबरेल असतं म्हणून मुद्दाम सांगतो. खाद्यतेल हवेत सुकून चिकट होतं, मग घोडा जड चालतो आणि धूळ बसून त्याचा मेणासारखा थर तयार होतो. रॉकेल जुने लोक वापरायचे, त्याने मळ सुटतोही, पण मागे कोरडा धातू उरतो आणि त्यावर लगेच तेलाचा हात फिरवला नाही तर दोन दिवसांत लाली धरते. पेट्रोल आगीमुळे बाद. पितळ चमकवायचं पॉलिशही नको. ती निळसर-काळी झळाळी हा धातूवरचा मुद्दाम चढवलेला पातळ थर आहे आणि पॉलिश तो थरच खरवडून काढतं. तुमचं रिव्हॉल्व्हर निकेलचा मुलामा दिलेलं असेल तर अमोनियावालं तांबं-काढू द्रावण टाळा. मुलाम्याखाली तांब्याचा थर असला तर ते तिथवर पोचून पापुद्रे काढतं.

वापरायचं असं. थोडं द्रावण झाकणात ओता. ब्रश बाटलीत बुडवू नका, नाहीतर पुढच्या वेळी जुनाच मळ नळीत घालाल. रिव्हॉल्व्हर मोडून मागच्या बाजूने, चेंबरमधून म्हणजे सिलिंडरच्या भोकातून, गज नळीत घाला. मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचा हाच फायदा, तोंडाकडून घुसवावं लागत नाही आणि नळीच्या तोंडाची कड झिजत नाही. ब्रश आरपार जाऊ द्या, मध्येच उलटा फिरवू नका. दहा मिनिटं थांबून चिंधी काढा. पहिली काळी येईल, तिसरी-चौथी राखाडी. हिरवट-निळी झाक दिसली तर घाबरू नका. ते तांबं असतं आणि अनेकदा तुमच्या ब्रॉन्झच्या ब्रशचंच असतं. हे माहीत नसल्यामुळे एक गृहस्थ संध्याकाळभर घासत बसले होते.

टूथब्रश लावायची खरी जागा म्हणजे रिकामी पुंगळी वर उचलणाऱ्या चांदणीची खालची बाजू. तिथे न जळलेल्या दारूचे बारीक कण अडकतात आणि सिलिंडर अडखळत फिरतं. लोक तिथेच तेल ओततात, म्हणजे कण आणखी चिकटतात. ती जागा कोरडी साफ करा. तेल बिजागरीला एक थेंब आणि खटक्याला एक थेंब, बस. चेंबर आणि नळी पुसून कोरड्या करूनच काडतुसं भरा, कारण तेल टोपीत झिरपलं की काडतूस फुसकं निघू शकतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एक चिंधी फिरवा. फौजेत फायरिंगनंतर सलग काही दिवस साफ करायची रीत आहे. ती पडली जुन्या काडतुसांमुळे. त्यांच्या टोपीतलं मीठ नळीत राहायचं, हवेतली ओल ओढायचं आणि नुसत्या तेलाने निघायचंच नाही, पाणीच लागायचं. आताची काडतुसं बहुधा तशी नसतात. पण वडिलांच्या काळची जुनी काडतुसं उडवलीत, तर बॅलिस्टॉलमध्ये पाणी मिसळून एक हात मारा, कोरडं करा आणि मग तेल.

आता ओलीचं. किटचे पैसे वाचतील ते इथे घाला. एमआयडीसीत यंत्राचे सुटे भाग ज्या गंजरोधक कागदात गुंडाळून येतात तो व्हीसीआय कागद घ्या आणि त्यात रिव्हॉल्व्हर गुंडाळा. सोबत रबरी कड असलेला, घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारे नारिंगी दाणे मिळतात. ओल पिऊन ते हिरवे झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा कोरडे करायचे. जुन्या पद्धतीच्या निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते नकोत. आणि कोणतेही दाणे स्वयंपाकाच्या कढईत तापवू नका. हा डबा कुलपाच्या लोखंडी कपाटात जाईल. सुरक्षित साठवणुकीची अट २०१६ च्या शस्त्र नियमांतही आहे. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, भिंत पाझरते. हत्यार हातात घेतलं की ठेवण्याआधी तेलाची चिंधी फिरवा. काहींचा घाम इतका खारट असतो की बोटांचे ठसे आठवडाभरात तांबडे उमटतात.

तरी गंज आलाच तर सँडपेपरला हात लावू नका. तेलाचे थेंब टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी खरखरीत गोणपाटाने चोळा. आमच्या एका उस्तादांकडे तांब्याचा जुना ढब्बू पैसा होता, त्याच्या कडेने ते लाली हलकेच खरवडायचे. तांबं पोलादापेक्षा मऊ, म्हणून ओरखडा उठत नाही. एवढ्याने न निघणारे खड्डे पडले असतील, सिलिंडर हलत असेल किंवा घोडा नीट टिकत नसेल, तर परवानाधारक कारागीर गाठा. स्क्रू खोलू नका. साध्या पेचकसाने खाचा फाटतात आणि आतल्या स्प्रिंगा सहज परत बसत नाहीत.

राहिलं होल्स्टर. २०२४ च्या लोकसभेला आचारसंहिता लागली तेव्हा माझं रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा केलं. घाईत होल्स्टरसकटच दिलं. आचारसंहिता जूनच्या पहिल्या आठवड्यात उठली, पण इकडे पेरणी सुरू झालेली, त्यामुळे आणायला जुलै उजाडला. बटण उघडलं तर चामड्याला पांढरी बुरशी आणि सिलिंडरच्या बाजूवर होल्स्टरच्या शिवणीचा टाक्यान्‌टाका तांबड्या रेघेत उमटलेला. चूक माझीच, ठाण्याची नव्हे. चामडं ओल धरून ठेवतं, आणि ते कमावताना वापरलेले क्षार-आम्ल आत राहतात तेही धातूला लागतात. जन्मभर दुसऱ्यांना सांगितलेली गोष्ट मीच विसरलो. विधानसभेच्या वेळी मात्र नीट तेल लावून, व्हीसीआय कागदात गुंडाळून, सिलिका जेलसह डब्यात दिलं. पावतीवर नंबर तपासून घेतला आणि नोव्हेंबरअखेर जसं दिलं तसं परत आणलं.

तेव्हा वडिलांचं होल्स्टर टाकू नका. सावलीत वाळवा, थोडं बॅलिस्टॉल चोळा आणि त्यांच्या वस्तूंसोबत ठेवा. रिव्हॉल्व्हर त्यात फक्त रेंजला जाता-येता, घरी आलं की लगेच बाहेर.