वाचकांचे प्रश्न : वर्दी, वार्षिक कॅम्प आणि परदेशातले शिक्षण

प्रश्न : मी २८ वर्षांचा स्थापत्य अभियंता असून विक्रोळीला राहतो व पवईतील एका खाजगी कंपनीत नोकरी करतो. अडीच वर्षांपूर्वी प्रादेशिक सेनेत, म्हणजे सगळे ज्याला टी. ए. म्हणतात त्या टेरिटोरियल आर्मीत, लेफ्टनंट म्हणून माझी नेमणूक झाली. देहरादूनचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि दोन वार्षिक कॅम्प मी पूर्ण केले आहेत. पुढच्या वर्षी जर्मनीत जलव्यवस्थापन या विषयात मास्टर्स करण्याची माझी इच्छा आहे. तेथे जमले नाही तर कॅनडाचा विचार आहे. अडचण अशी की दरवर्षी दोन महिने कॅम्पला गेल्यामुळे तयारीची घडी मोडते. कमांडिंग ऑफिसरांना हे आताच सांगावे की प्रवेशपत्र हाती आल्यावर सांगावे, हे मला ठरवता येत नाही, कारण प्रवेश मिळालाच नाही तर उगाच माझ्याविषयी मत बिघडेल. शिवाय दादरच्या ज्या सल्लागाराकडे मी जातो, त्याचे म्हणणे असे की ‘तुम्ही काही कायमचे लष्करात नाही, व्हिसाच्या अर्जात टी. ए.चा उल्लेख करू नका, फाटे फुटतील.’ उलट प्रवेशाच्या निवेदनात (स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये) मात्र सीमेवरच्या अनुभवाने सुरुवात करावी, त्याने छाप पडते, असेही तोच सांगतो. मी काय करावे?
— एक वाचक, विक्रोळी

उत्तर : तुमच्या पत्रात तुकडीचे नाव, मागच्या कॅम्पचे ठिकाण आणि तेथे तुमच्याकडे असलेले काम हे तिन्ही तपशील होते. ते मी येथे छापलेले नाहीत, आणि तुम्हीही यापुढे ते कोणत्याही मासिकाला, सल्लागाराला किंवा विद्यापीठाला लिहून पाठवू नयेत. निवेदनाविषयीच्या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यातच आले. उरलेल्या अर्ध्याकडे नंतर वळतो.

आधी कमांडिंग ऑफिसरांविषयी. त्यांना आताच सांगा, आणि तोंडी सांगून थांबू नका, तर ॲडज्युटंटमार्फत, म्हणजे तुकडीचे प्रशासकीय काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यामार्फत, रीतसर लेखी अर्ज द्या. प्रवेश मिळाला नाही तर मत बिघडेल ही तुमची भीती समजण्यासारखी आहे. पण प्रवेश मिळाला, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (जर्मनीतल्या राहण्याच्या खर्चासाठी आधीच पैसे अडकवून ठेवायच्या खात्यात) पैसे भरले, तिकीट काढले आणि मग परवानगीचा प्रश्न उभा राहिला, तर बिघडेल ते केवळ मत नसेल. ६ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेनेतील प्रत्येक अधिकाऱ्याला आणि भरती झालेल्या प्रत्येकाला बोलावण्याचा अधिकार दिला, ३२ पायदळ बटालियनांपैकी १४ बटालियनांना पूर्णवेळ सेवेत घेण्याची तरतूद केली, आणि या आदेशाची मुदत १० फेब्रुवारी २०२५ ते ९ फेब्रुवारी २०२८ अशी ठेवली. तुम्ही ज्या काळात जर्मनीला जाऊ पाहता, तो नेमका या मुदतीत येतो. तुमची बटालियन त्या चौदांमध्ये आहे का, तुमची गैरहजेरी तुकडीला परवडणारी आहे का, अभ्यासाच्या दोन वर्षांतल्या कॅम्पांचे काय करायचे, रजा मिळेल की राजीनामा द्यावा लागेल, या प्रश्नांची उत्तरे तुमच्या तुकडीशिवाय दुसरे कोणीही देऊ शकत नाही. दादरचा सल्लागार तर नाहीच नाही. अर्जात अभ्यासक्रमाचा कालावधी, सुरू होण्याचा अंदाजे महिना आणि परतण्याचा इरादा स्पष्ट लिहा, पोहोच घ्या, आणि आपली प्रत जपून ठेवा. परवानगीची चिन्हे दिसेपर्यंत परत न मिळणारे शुल्क शक्यतो कोठेही भरू नका.

याच अर्जात आणखी एक मुद्दा तुम्ही स्वतःहून काढावा असे मला वाटते. प्रादेशिक सेनेची कल्पनाच मुळी अशी आहे की माणूस आपल्या नागरी व्यवसायावर उभा आहे आणि वर्षातला काही काळ तो वर्दी चढवतो. म्हणूनच अधिकारी म्हणून अर्ज करणारा स्वतः कमावता असावा अशी अट असते. तुम्ही पवईची नोकरी सोडून पूर्णवेळ विद्यार्थी झालात, की ज्या पायावर तुमची निवड झाली तो पायाच बदलतो. हे तुकडीच्या लक्षात तुमच्या आधी येणार आहे, तेव्हा ते तुमच्याकडून आलेले बरे. नोकरीपुरते सांगायचे तर, प्रादेशिक सेना कायदा, १९४८ मधील कलम ७-अ प्रमाणे लष्करी सेवेवरून परतलेल्या माणसाला नोकरीत परत घेण्याचे बंधन मालकावर आहे. ते शिक्षणासाठी गेलेल्याला लागू होत नाही. कंपनीकडून बिनपगारी अभ्यासरजा मिळत असेल तर ती वेगळी मागा, आणि दोन्ही गोष्टींची गल्लत करू नका.

आता व्हिसा. येथे तुमच्या सल्लागाराचे म्हणणे नुसते चुकीचे नाही, ते धोक्याचे आहे. कॅनडाच्या अभ्यास-परवान्याच्या अर्जात लष्करी सेवेविषयी जो प्रश्न आहे, त्यात राखीव आणि स्वयंसेवी दलांचाही शब्दशः उल्लेख आहे, म्हणजे ‘मी काही पूर्णवेळ सैनिक नाही’ या सबबीला तो प्रश्न जागाच ठेवत नाही. तेथे ‘नाही’ अशी खूण केली आणि पुढे ते उघड झाले, तर चुकीची माहिती दिल्याबद्दल पाच वर्षे कॅनडाचे दार बंद होऊ शकते. उद्या तुमचा बेत बदलला आणि अमेरिकेच्या व्हिसाचा डीएस-१६० अर्ज भरायची वेळ आली, तर तोही लष्करी सेवा, शाखा, हुद्दा आणि तारखा विचारतो. मुळात ज्या गोष्टीचे राजपत्र निघते ती लपवण्याचा सल्ला कोणी देतो, तेव्हा मला त्या सल्लागाराच्या फीचीच जास्त काळजी वाटते. विचारले तेवढे खरे सांगावे: प्रादेशिक सेना, हुद्दा, नेमणुकीची तारीख. त्यापलीकडे, म्हणजे कोठे होतो, किती माणसे होती, कोणती शस्त्रे होती, असे कोणी मुलाखतीत विचारलेच, तर ते सांगण्याची मुभा आपल्याला नाही असे शांतपणे म्हणावे आणि आपल्या वरिष्ठांना त्याची कल्पना द्यावी.

वेळापत्रकाची गोष्ट त्या मानाने सोपी आहे, फक्त ती उलट्या बाजूने धरायला हवी. तुम्ही परीक्षा आणि मुदती आधी मांडता आणि कॅम्प त्यात आडवा येतो असे समजता. त्याऐवजी कॅम्पच्या संभाव्य तारखा ॲडज्युटंटकडून घेऊन त्या प्रथम दिनदर्शिकेवर मांडा आणि उरलेल्या दहा महिन्यांत बाकीचे बसवा. जी कामे दुसऱ्यांच्या टेबलावर अडकतात ती कॅम्पला जाण्यापूर्वी मार्गी लावावीत, म्हणजे तुम्ही नसताना ती पुढे सरकत राहतात. मुंबई विद्यापीठाचे ट्रान्स्क्रिप्ट हे असे पहिले काम, आणि त्यासाठी कलिन्याला एकाहून अधिक खेपा होतील असेच धरून चाला. दुसरे काम एपीएस प्रमाणपत्राचे, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रे खरी असल्याच्या दाखल्याचे. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मनीच्या व्हिसासाठी ते लागते, त्याचे शुल्क १८,००० रुपये आहे आणि कागद दिल्लीला जातात. ते हाती येईपर्यंत काही आठवडे सहज जातात, म्हणून ते प्रवेशाची वाट न पाहता आधीच काढून ठेवावे.

परीक्षांपैकी इंग्रजीची आयईएलटीएस तुम्हाला दोन्ही देशांसाठी चालेल. तिचे गुण दोन वर्षे ग्राह्य असतात आणि संगणकावरच्या परीक्षेच्या तारखा मुंबईत वारंवार मिळतात, तेव्हा कॅम्पहून आल्यावर लगेच नव्हे तर तीन-चार आठवड्यांनी ती द्या. परीक्षेला मूळ पासपोर्ट लागतो, तो कोणत्याही कामासाठी कोणाच्याही ताब्यात अडकवू नका. जीआरईचा, म्हणजे मास्टर्सच्या प्रवेशासाठीच्या सामाईक परीक्षेचा, नाद मात्र सध्या सोडा. तुम्ही निवडलेल्या अभ्यासक्रमाच्या अटींत ती स्पष्ट लिहिलेली असेल तरच तिच्यामागे लागा. जर्मन भाषेचे वर्ग काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात करायचे असतील, तर दोन कॅम्पांच्या मध्ये पूर्ण होईल अशीच बॅच घ्या. अर्धवट सोडलेली पातळी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते, आणि विक्रोळीहून लोकलने रोज जाऊन-येऊन केलेली मेहनत वाया जाते. हिवाळी सत्रासाठी अर्जाची मुदत काही अभ्यासक्रमांत १५ जुलैपर्यंत असते, तर काहींत ती त्याच्या कितीतरी आधी संपते, म्हणून प्रत्येक विद्यापीठाची तारीख स्वतंत्रपणे पाहा.

पैशांविषयी तुम्ही काही विचारलेले नाही, तरी दोन आकडे लिहून ठेवा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये एका वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीशुल्क नसते हे खरे, पण श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये आपल्यासारख्यांना प्रत्येक सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. मुंबईतच १८९२ पासून चालत आलेल्या जे. एन. टाटा एंडाउमेंटची कर्जरूपी शिष्यवृत्ती अवश्य पाहा, आणि तिच्या निवडप्रक्रियेच्या तारखाही कॅम्पच्या तारखांशेजारी मांडा.

राहिले निवेदन. पत्रासोबतच्या मसुद्यात सीमेवरच्या प्रसंगाने केलेली सुरुवात मी वाचली. ती चित्तथरारक आहे, आणि म्हणूनच ती काढून टाका. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ प्रादेशिक सेनेच्या अधिकाऱ्यालाही लागू आहे, हे एक कारण झाले; दुसरे असे की जलव्यवस्थापनाच्या प्राध्यापकाला त्या प्रसंगातून तुमच्याविषयी काहीच कळत नाही. तुमच्याच मसुद्याच्या तिसऱ्या पानावर एक वाक्य दडलेले आहे: २६ जुलै २००५ ला तुम्ही लहान होता आणि शेजाऱ्यांच्या पोटमाळ्यावर रात्र काढली. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी शहरात शिरली, आणि पुढे तुम्ही पर्जन्यजलवाहिन्यांच्या कामाकडे वळलात. सुरुवात येथून करा. टी. ए.चा अनुभव त्यानंतर एका परिच्छेदात यावा, आणि तो ठिकाणाचे नाव न घेता: मर्यादित पाणी, इंधन आणि शिधा यांचा हिशोब ठेवून तीसेक माणसांचे दिवस कसे चालवले, वरून आलेला आदेश आणि जमिनीवरची परिस्थिती यांचा मेळ कसा घातला. प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण बटालियनांचा उल्लेखही करता येईल. त्यांपैकी पहिली १९८२ मध्ये उभी राहिली आणि चुनखडीच्या खाणींनी उजाड केलेल्या मसुरीच्या डोंगरांवर तिने झाडे लावली, ही सर्वज्ञात माहिती आहे आणि तुमच्या विषयाला जवळची आहे. शिफारसपत्रे मात्र महाविद्यालयातील प्राध्यापक आणि कंपनीतील वरिष्ठ यांचीच घ्या. लेखी परवानगीचा अर्ज ज्यांच्यापुढे आहे त्याच अधिकाऱ्यांकडे शिफारसही मागणे प्रशस्त दिसत नाही. शेवटी, वर्दीतली छायाचित्रे समाजमाध्यमांवर असतील तर तीही काढून टाका.

प्रश्न : मी २४ वर्षांची फिजिओथेरपिस्ट आहे. दोन वर्षांत मला मास्टर्ससाठी बाहेर जायचे आहे. माझ्या मनात एक विचार आहे: आधी टी. ए.त जावे, म्हणजे परदेशी विद्यापीठात अर्जाला वजन येईल. मुलींना हे शक्य आहे का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : शक्य आहे. प्रादेशिक सेनेच्या अधिकारीपदासाठी महिलाही अर्ज करू शकतात. पण तुमचा क्रम मला पटत नाही. निवड झाल्यावर पहिल्या वर्षी महिनाभराचे पायाभूत प्रशिक्षण, दरवर्षी दोन महिन्यांचा कॅम्प आणि पहिल्या दोन वर्षांत देहरादूनचे तीन महिने, असा तुमचा त्या दोन वर्षांतला बराच काळ जाईल. लष्कर तुम्हाला घडवण्यासाठी खर्च करील आणि तुम्ही उपयोगी पडू लागाल तेव्हाच निघून जाल. विक्रोळीच्या वाचकाची अडचण सेवेत असताना निर्माण झाली, तुम्ही मात्र ती स्वतःहून अंगावर घेत आहात. शिवाय फिजिओथेरपीच्या मास्टर्सला रुग्णालयातील सलग दोन वर्षांचा अनुभव अधिक मोलाचा ठरेल. आधी शिकून या आणि मुंबईत व्यवसायात स्थिर व्हा, कारण अर्ज करताना कमावते असण्याची अट आहेच. वयाची मर्यादा ४२ वर्षांची आहे. तुम्ही २८ व्या वर्षी परतलात, तरी अर्जासाठी चौदा वर्षे हाताशी राहतात.