थोडे दिवस मामाकडे

तुम्ही विचारलंय, अब्राहाम, इसहाक, याकोब हे बायबलमधले पूर्वज एवढे देवभक्त, तर त्यांच्याकडून श्रद्धेबद्दल आणि घरच्या नात्यांबद्दल काय घ्यावं? आणि शेवटी एका ओळीत लिहिलंय, की वाटणीवरून मोठ्या भावाशी 3 वर्षं बोलणं बंद आहे. खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे असं धरून लिहितो.

मी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातला. शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या धर्मवर्गात, पंधराएक वर्षं मुलांना या गोष्टी सांगतोय. मुलांसाठी आम्ही त्या धुऊन-पुसून सांगतो. मोठ्यांनी मात्र उत्पत्ती हे बायबलचं पहिलं पुस्तक 12व्या अध्यायापासून सलग वाचावं. आदर्श घर एकही सापडणार नाही. अब्राहाम जिवाच्या भीतीनं बायकोला बहीण म्हणवतो, तेही दोनदा. पुढे मुलगा इसहाक गरारात हेच करतो. हागार दासीला आणि तिला अब्राहामापासून झालेल्या पोराला, इश्माएलला, भाकरी नि पाण्याची मसक देऊन घराबाहेर काढतात. आणि हे लिहून ठेवलं कुणी? त्यांच्याच वंशजांनी. आपल्या घराण्याचा इतिहास लिहायला बसलो तर यातलं निम्मं तरी आपण लिहू का?

तुमच्या कामाची गोष्ट एसाव आणि याकोबाची. इसहाकाचे जुळे मुलगे, एसाव थोरला. बापाचा जीव एसावावर, कारण त्याच्या शिकारीचं मांस खायला मिळायचं. आईचा, म्हणजे रिबकेचा, याकोबावर. पुस्तक हे एका वाक्यात सांगून मोकळं होतं, पण पुढचं सगळं तिथूनच उगवतं. एसाव रानातून भुकेनं कासावीस होऊन आला तेव्हा याकोबाची मसूर शिजत होती. त्या वरणाच्या बदल्यात त्यानं भावाकडून ज्येष्ठत्वाचा हक्क शपथेवर घेतला. (आपल्याकडे अशा सह्या दारू पाजून घेतात. तिथे वरण पुरलं.) मग आईच्या युक्तीनं हातांना करडांची कातडी गुंडाळून, एसावाचे कपडे घालून, दृष्टी गेलेल्या बापाकडून थोरल्याचा आशीर्वादही लाटला.

एसाव आता याकोबाला मारणार हे कळल्यावर रिबका म्हणते, थोडे दिवस मामाकडे जा, त्याचा राग उतरला की बोलावून घेते.

थोडे दिवस! लाबानमामाकडे याकोबाची 20 वर्षं गेली. मामाच्या धाकट्या मुलीसाठी, राहेलसाठी, 7 वर्षं राबला, तर मामानं लग्नाच्या रात्री थोरली लेआ पाठवली. वर सुनावलं, आमच्याकडे थोरलीच्या आधी धाकटीला देत नाहीत. थोरल्याचा हक्क बळकावलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. पुढे राहेलसाठी आणखी 7 वर्षं, शेरडामेंढरांसाठी 6. आणि रिबका? मायलेकरं पुन्हा भेटल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. तिच्या दाईच्या मरणाची नोंद आहे, तिच्या स्वतःच्या मरणाची नाही. तुमच्या 3 वर्षांचा आकडा वाचला तेव्हा मला हीच आठवली.

लाडका-दोडका करण्याचे परिणाम याकोबानं स्वतः भोगले. तरी बाप झाल्यावर त्यानं तेच केलं. बारा मुलगे, आणि खास झगा एकट्या योसेफाला. भावांनी 17 वर्षांच्या योसेफाला 20 रुप्याच्या नाण्यांना विकलं, झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवला आणि बापापुढे ठेवला. ज्यानं करडाच्या कातड्यानं बापाला फसवलं, त्याला त्याच्या पोरांनी बकऱ्याच्या रक्तानं फसवलं. शब्बाथशाळेत हे मी बोलत नाही, पण शिकवताना दर वेळी जाणवतं. देवावरची श्रद्धा खरी असूनही घरातली खोड पिढ्यान् पिढ्या तशीच राहू शकते, हे मला या घराण्यानं शिकवलं. भक्तीनं ती आपोआप जात नाही.

मग श्रद्धेचा उपयोग काय? 20 वर्षांनी मामाकडून परत येताना याकोबाला कळतं की एसाव 400 माणसं घेऊन सामोरा येतोय. तो घाबरतो. माणसं आणि जनावरं दोन टोळ्यांत विभागतो, म्हणजे एक मारली गेली तरी दुसरी वाचेल. मग प्रार्थना करतो. प्रार्थनेत तो सरळ कबूल करतो, की मला भावाची भीती वाटते. त्यानंतर शेळ्या, मेंढ्या, सांडणी, गायी, गाढवं, साडेपाचशेच्या वर जनावरं कळपाकळपानं भेट म्हणून पुढे धाडतो. त्यानं प्रार्थना केली म्हणून तजवीज सोडली नाही, आणि तजवीज होती म्हणून प्रार्थनाही सोडली नाही. त्या रात्री यब्बोक नदीच्या उताराजवळ कुणा अनोळखी पुरुषाशी पहाटेपर्यंत झुंजतो आणि सकाळी लंगडत निघतो. मला श्रद्धेचं हे चित्र पटतं.

भेटीचा प्रसंग 33व्या अध्यायात आहे. याकोब सात वेळा जमिनीपर्यंत लवतो. एसाव धावत येतो, मिठी मारतो, मुके घेतो, दोघं रडतात. ‘मला माफ कर’ हे शब्द दोघांपैकी कुणाच्याही तोंडी नाहीत. पण एक शब्द बघण्यासारखा आहे. जनावरांच्या भेटीला आधी मूळ हिब्रूत ‘मिन्हा’, म्हणजे भेट, म्हटलंय. एसाव म्हणतो, माझ्याकडे पुष्कळ आहे, तुझं तुलाच असू दे. तेव्हा याकोब आग्रह करताना म्हणतो, माझी ‘बराखा’ घे. बराखा म्हणजे आशीर्वाद. ज्याच्या पायी सगळं झालं तोच शब्द. चोरलेलं त्याच्याच नावानं परत.

आणि यानंतर दोघं एकत्र राहायला जातात का? नाही. एसाव त्याच्या मुलखात, सेईरला, चल म्हणतो. याकोब म्हणतो, मुलं लहान आहेत, सावकाश मागून येतो. आणि भलतीकडेच, सुक्कोथला, जातो. आमचे एक पाळक याला लबाडी म्हणायचे. मला तो शहाणपणा वाटतो. समेट झाला म्हणजे चूल एक झालीच पाहिजे असं नाही. पुढे इसहाक वारला तेव्हा दोन्ही मुलांनी मिळून त्याला पुरलं. त्याआधी अब्राहामालाही इसहाक आणि घालवून दिलेला इश्माएल यांनी मिळूनच मख्पेलाच्या गुहेत पुरलं होतं.

माझे वडील आणि मोठे काका विहिरीच्या पाळीवरून 11 वर्षं बोलले नाहीत. आजीच्या मातीला दोघं शेजारी उभे राहिले. परतताना काकांनी एवढंच विचारलं, “तुझी पाळी कुठल्या वारी होती?” घरं आजही वेगळी आहेत. पण मंगळवारी मोटर लावायला काका स्वतः जातात, कारण वडिलांचे गुडघे गेलेत.